काढ्याचा चोथा

स्नेहलताकाकूंना खायची वस्तू टाकून देणं जिवावर यायचं, आणि नशीब असं की त्या येऊन राहिल्या जपानमध्ये, जिथे कचरा टाकणं हीच एक परीक्षा असते. जळणारा कचरा वेगळा, बाटल्या वेगळ्या, प्लॅस्टिक वेगळं आणि प्रत्येकाचा वार वेगळा. आमच्या ओजिमाच्या इमारतीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी भाजीची देठं चुकीच्या दिवशी खाली नेऊन ठेवली. देखभाल करणाऱ्या कानेदा-साननी पिशवी उचलून त्यांच्या दाराशी परत आणून ठेवली आणि वर कमरेत वाकून नमस्कार केला. काकूंना तो नमस्कार फार लागला. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं, असं त्या मला म्हणाल्या. तेव्हापासून त्यांनी कचराच होऊ द्यायचा नाही असं ठरवलं. दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत. तुम्ही केळ्याच्या सालींचं पण काहीतरी कराल, असं मी चिडवलं तर म्हणाल्या, "करतात की, तुला माहीत नाही."

मी उल्का. त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, स्टेशनजवळच्या एका डबेवाल्याच्या दुकानात सकाळची पार्टटाइम नोकरी करते. मला जपानी बरं येतं आणि तोंड त्याहून बरं चालतं, त्यामुळे इमारतीतल्या सगळ्या मराठी सासवांची दुभाषी मीच. बहुतेक सासवा इथे तीन महिन्यांत कंटाळतात आणि सुनेच्या फ्रिजबद्दल तक्रारी करत परत जातात. काकू त्यातल्या नव्हत्या. त्यांचं आणि त्यांच्या सुनेचं, मैथिलीचं, खरोखर मेतकूट जमलं होतं. हे मी आज लिहिते तेव्हा हा शब्द माझाच मला टोचतो.

मैथिलीचा नवरा अंबरीष तोयोसूला सॉफ्टवेअर कंपनीत होता, सकाळी जायचा तो रात्रीच उगवायचा. मैथिली योकोहामाला खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका खासगी लॅबमध्ये होती. तांदूळ, मासे, समुद्रातलं शेवाळ, झाडपाल्याची औषधं, यांत शिसं किती, पारा किती, कॅडमियम किती, हे मोजणं तिचं काम. काकूंना तिचा केवढा अभिमान. ठाण्याच्या मैत्रिणींना फोनवर सांगताना त्या म्हणायच्या, "आमच्या सुनेने पास केल्याशिवाय इथे तांदूळसुद्धा विकत नाहीत." मैथिली लाजून चूर व्हायची, पण तिने कधी ते वाक्य दुरुस्त केलं नाही.

काकू-काका इथे आले ते प्रकाशकाकांच्या तब्येतीमुळे. ब्लडप्रेशरने काकांची मूत्रपिंडं अशक्त झाली होती. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डायलिसिसची वेळ कधीतरी येणार, पण नीट सांभाळलंत तर ती बरीच वर्षं लांबवता येईल. त्या 'सांभाळलंत तर'वर काकूंनी कंबर कसली होती. डॉक्टरांना जे करता येत नव्हतं ते आपण स्वयंपाकघरातून करू, अशी त्यांची समजूत होती. मीठ मोजून, तेल मोजून, दोन्ही वेळा मऊ भात आणि त्यावर घरचं मेतकूट. काका गरीब गाय. पुढे येईल ते खायचे आणि ओनागी नदीच्या काठाने फिरून यायचे.

काकूंच्या वरच्या मजल्यावर लिन-सान नावाच्या चिनी बाई राहायच्या. लिफ्टमध्ये काकांचा सुजलेला चेहरा बघून त्यांनी चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी एक पिशवी घेऊन आल्या. आत तपकिरी, लाकडासारख्या कडक चकत्या. चिनी लोकांची जुनी औषधी अळंबी, जपानीत रेइशी म्हणतात ती. लिन-सानच्या भावाने गावाकडच्या डोंगरातून वेचून आणली होती आणि त्यांच्या वडिलांनी म्हातारपणी वर्षानुवर्षं तिचा काढा घेतला होता. दुभाषी अर्थात मी. चकत्या मंद आचेवर उकळायच्या, पाणी प्यायचं, उरलेलं टाकून द्यायचं. मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. 'टाकून द्यायचं' ऐकल्यावर काकूंनी भुवई जराशी वर केली, ती मला आठवते.

काकू अडाणी नव्हत्या, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. कुणी काही दिलं आणि नवऱ्याच्या पोटात घातलं, असं त्यांनी केलं नाही. पिशवी तशीच ठेवली, संध्याकाळी मैथिली आली तेव्हा तिच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, तू तपास, तू हो म्हणालीस तरच करते. मैथिलीने वासावरून, रंगावरून काही कळत नाही म्हणून चार चकत्या डबीत घातल्या. कसं घेणार आहात, एवढं तिने विचारलं. काढा करून, असं काकूंनी सांगितलं.

मैथिलीने लॅबमधल्या वरिष्ठांची रीतसर परवानगी काढून चकत्या उकळल्या आणि ते पाणी तपासलं. त्यांच्याकडे पद्धतच तशी. चहा असेल तर चहाचं पाणी तपासायचं, काढा असेल तर काढा. वस्तू माणूस ज्या रूपात पोटात घेतो त्या रूपात मोजायची. पद्धतीत काही खोट नव्हती. आठवड्याने तिने घरी येऊन सांगितलं की काढ्यात धातू अगदी नगण्य आहेत. याने मूत्रपिंडं सुधारतील असं मी म्हणत नाही, पण अपाय होईल असंही काही दिसत नाही, इतकं तोलूनमापून ती बोलली. काकूंनी त्यातलं पाहिजे तेवढं ऐकलं आणि देवापुढे साखर ठेवली.

मग रोज सकाळी काढा सुरू झाला. सगळ्या जिन्यात ओल्या लाकडासारखा वास. काका तोंड वाकडं करून प्यायचे आणि वर एक मनुका चघळायचे. त्याच सुमारास काकूंनी नवं मेतकूट केलं. इथल्या छोट्याशा मिक्सरवर डाळी, तांदूळ, गहू भाजून दळले. मलाही बरणीभर दिलं. मला जरा कडसर लागलं, वाटलं मेथी सढळ हाताने पडली असेल. असल्या गोष्टी कोणी तोंडावर सांगत नाही. छान झालंय, असं म्हणून मी बरणी कपाटात मागे सारली.

दीड-दोन महिन्यांनी काकांची रक्ततपासणी झाली आणि आकडे चढलेले निघाले. थोडे नाही, चांगलेच. इथल्या डॉक्टरांनी औषधं बदलली, पाणी किती प्यायचं ते सांगितलं आणि काढा बंद करायला लावला. काकू हादरल्या. आपण एवढं डोळ्यांत तेल घालून सांभाळतो आणि तरी असं का, हा एकच प्रश्न त्या मला जाता-येता विचारायच्या. मैथिलीने पुन्हा काढा करून तपासला. पुन्हा स्वच्छ. तिला हायसं वाटलं, असं तिने नंतर मला सांगितलं. आपला निकाल चुकला नाही, याचं हायसं.

काढा बंद झाला, पण मेतकूट-भात चालूच होता. त्यावर कोण कशाला शंका घेईल?

एका शनिवारी मैथिली बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. मी तिच्याशी गप्पा मारत दारात उभी. कोपऱ्यात सुपाएवढ्या ट्रेमध्ये, वर ओढणी बांधून, काहीतरी तपकिरी तुसासारखं वाळत ठेवलेलं होतं. मैथिलीने ते चिमटीत घेतलं आणि आत बघत सहज विचारलं, "आई, हे काय वाळत घातलंय?"

काकू आतून उत्तरल्या, "काढ्याचा चोथा गं. मागचा थोडा फ्रीजरमध्ये राहिला होता, म्हटलं वाळवून टाकू. तुपावर परतून दळला की मेतकुटात कळतसुद्धा नाही. एवढी डोंगरातली वस्तू, नुसतं पाणी पिऊन टाकून द्यायची म्हणजे काय?"

चिमटीतलं तूस मैथिलीने परत ट्रेमध्ये ठेवलं, ओढणी नीट बांधली आणि राहिलेले कपडे वाळत घातले. माझ्याबरोबर ती खाली आली आणि जिन्यातच म्हणाली की तुझी बरणी मला दे. काकूंच्या डब्याला त्यांच्यासमोर हात लावायची तिची हिंमत नव्हती.

पुढच्या आठवड्यात कामावरून परत येताना ती मला स्टेशनवरून थेट नदीकाठी घेऊन गेली. बाकावर बसली आणि बराच वेळ पर्सची चेन उघडझाप करत राहिली. मग तिने सांगितलं की बरणीतलं मेतकूट आणि न उकळलेल्या चकत्या, दोन्ही तिने लॅबमध्ये तपासलं. ही अळंबी जिथे उगवते तिथल्या मातीतले धातू शोषून घेते, आणि या चकत्यांमध्ये कॅडमियम फार होतं. उकळल्यावर त्यातलं जेमतेम पाण्यात उतरतं. बाकीचं सगळं चोथ्यातच राहतं. म्हणून काढा दोन्ही वेळा स्वच्छ निघाला. आणि कॅडमियम जाऊन बसतं ते नेमकं मूत्रपिंडांत.

मी विचारलं, काकांचं जे झालं ते यामुळेच का? ती म्हणाली की तसं कोणी सांगू शकणार नाही. इतक्या थोड्या दिवसांत एवढं व्हावं असं वाटत नाही, पण आधीच अशक्त असलेल्या मूत्रपिंडांचं काय व्हावं हेही कुणाला ठाऊक नाही. कदाचित आकडे तसेही चढलेच असते. हे बोलताना तिचा आवाज लॅबमधल्यासारखा सपाट होता. मग एकदम ती माझ्याकडे वळली.

"मी पाण्याबद्दल उत्तर दिलं, उल्काताई. त्यांनी अळंबीबद्दल विचारलं होतं. ज्या बाई दोडक्याच्या शिरा टाकत नाहीत, त्या हा चोथा टाकतील का, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी त्यांच्याबरोबर एका घरात राहते. लॅबमधल्या कुणाला हे कळणं शक्य नव्हतं, मला होतं."

तुझी चूक नाही, असं मी म्हटलं. खरं तर मला सगळ्यांचाच राग येत होता. काकूंच्या काटकसरीचा, मैथिलीच्या पद्धतीचा, डोंगराचा, आणि वाकून पिशवी परत करणाऱ्या त्या सभ्य म्हाताऱ्याचासुद्धा. राग आला की कुणीतरी हाताशी लागतं, वाईट वाटलं की तेही नाही.

मैथिलीने आधी काकांना सांगितलं. त्यांना फिरायला नेलं आणि याच बाकावर बसवून सगळं समजावलं. काका सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाले की तिला सांगू नका. माझं जे व्हायचं ते होईल, पण आपल्या हाताने झालं हे तिला कळलं तर ती ते उरलेल्या जन्मात विसरणार नाही. मला मेतकुटाचा कंटाळा आला असं मी सांगतो, डबा तू हळूच घेऊन जा. मैथिलीने होकार दिला. अंबरीषला सांगितलं तेव्हा तोही हेच म्हणाला. मलाही ते पटलं. मूग गिळून बसणं आम्हा सगळ्यांनाच त्या वेळी माया वाटली.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले, मैथिलीने रिकामी करून मला दिलेली बरणी काकूंना परत द्यायला. आपल्यात भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून तिच्यात चिवडा भरला होता. सगळे जेवायला बसत होते. काकूंनी बरणी बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला. मेतकूट इतक्यात संपलं? मग आणखी देते, म्हणून त्या डब्याकडे वळल्या. काकांना हीच वेळ बरी वाटली असावी. ताटातला भात चिवडत ते म्हणाले की मला आता मेतकूट नको, रोज रोज तेच खाऊन कंटाळा आला, उद्यापासून नुसतं वरण दे.

लग्न झाल्यापासून काकांनी पानातल्या कशाला नको म्हटलं नव्हतं. काकूंचा हात डब्यावरच राहिला. वाईट वाटलं ते त्यांनी लपवलंही नाही. पण बाई मानी, लगेच सावरल्या. "राहू दे मग. वाया नाही जायचं. निम्मं नेत्राकडे गेलंच आहे."

नेत्रा म्हणजे त्यांची मुलगी, पुण्याची. तिला सातवा महिना चालू होता.

इथून कोणी भारतात निघालं की त्याच्या बॅगेत जागा मागायची, हा आमच्या लोकांचा शिरस्ता आहे. दोन किलो तुमचं, एक किलो आमचं. अंबरीषच्या ऑफिसमधला धीरज शुक्रवारी पुण्याला गेला होता. काकूंनी परस्पर त्याला गाठून बरणी दिली होती. नेत्राला अन्न जात नव्हतं, मऊ भात-मेतकुटाची आठवण काढत होती, आणि यात औषध पण आहे, दोघांनाही ताकद येईल. काल रात्री धीरजने बरणी पोचवली, हे काकू अगदी कौतुकाने सांगत होत्या.

मैथिली उठली. तिचं ताट तसंच. अंबरीषने तिच्याकडे बघून मान हलवली, नको अशी. काकांनी डोळे मिटले. आता काय करायचं हे विचारायला सवडच नव्हती. पुण्यात सकाळ होती, न्याहारीची वेळ.

"आई, नेत्राला आत्ता फोन करा. ते मेतकूट खाऊ नकोस म्हणावं, एक घासही नको."

काकू हसल्या. त्यांना वाटलं, गरोदरपणाचं काही पथ्य असेल. का गं, असं त्यांनी विचारलं. मैथिलीने त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून, त्यांचा हात धरून सांगितलं. चोथा, धातू, काढा स्वच्छ का निघाला, सगळं. चूक माझी आहे, मी विचारायला हवं होतं, हे तिने मधेमधे कितीदा म्हटलं असेल. काकू ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. मग त्यांनी हात सोडवून घेतला, फोन उचलला आणि नेत्राला सांगितलं. आवाज अगदी नेहमीचा. बरणी अजून उघडलेली नव्हती. आजच भात लावणार होते, असं नेत्रा म्हणाली.

फोन ठेवून काकू काकांकडे वळल्या. "आणि ह्यांनी खाल्लं ते?"

मैथिली सांगायला लागली की ठामपणे कुणी सांगू शकत नाही, आधीपासूनच... काकूंनी तिला हाताने थांबवलं. त्यांना काकांकडून ऐकायचं होतं.

काका म्हणाले, "मला आवडायचं गं."

तेव्हा काकू रडल्या. बाईला मी आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. आवाज न करता, पदर तोंडावर न घेता, तशाच बसल्या बसल्या. नंतर त्यांनी उठून मेतकुटाचा डबा, बाल्कनीतला ट्रे, उरलेल्या चकत्या सगळं एका पिशवीत भरलं आणि मला विचारलं, "उल्का, हे कुठल्या वारी टाकायचं?" मी म्हटलं की मैथिली नेऊन लावेल त्याची वाट, तुम्ही बसा. पण त्या पिशवी धरून दारातच उभ्या राहिल्या.

महिन्याभरात दोघं ठाण्याला परत गेले. पावसाळा संपता संपता काकांचं डायलिसिस सुरू झालं. तिथल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हे एरवीही याच सुमाराला आलं असतं, किंवा एखाद-दोन वर्षांनी. मैथिलीने तो 'किंवा' उराशी धरून ठेवला आहे. ती आता लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते की उरलेल्याचं तुमच्याकडे काय करतात. जपानी लोक गोंधळून म्हणतात, टाकतो. तिच्या वरिष्ठांना हा प्रश्न विचित्र वाटतो. नेत्राला मुलगी झाली, गुटगुटीत आहे. ती बरणी नेत्राने पुण्यात टाकून दिली.

गेल्या रविवारी मी मैथिलीकडे बसले होते तेव्हा काकूंचा व्हिडिओ कॉल आला. हल्ली स्वयंपाक करताना त्या तिला लावतातच. फोन डब्यांना टेकवून ठेवलेला, गॅसवर काकांसाठी वरण. काकूंनी हळदीची डबी उघडून कॅमेऱ्यासमोर धरली, कुठल्या दुकानातली ते सांगितलं, घालू का विचारलं. मैथिली हो म्हणाली. मग हिंग. मग जिऱ्याची पुरचुंडी. प्रत्येक वेळी थांबायच्या, तिच्या तोंडाकडे बघायच्या, आणि मगच हात पुढे जायचा. पूर्वी या बाईंना डब्यात न बघता, माझ्याशी बोलता बोलता फोडणी देताना मी पाहिलं होतं.

शेवटी त्यांनी चिमटीत मीठ घेतलं आणि ती चिमूट कॅमेऱ्याजवळ आणली, इतकी जवळ की पडद्यावर नुसती बोटंच दिसली.

"मैथिली, एवढं चालेल?"

"आई, तुमच्या अंदाजाने घाला ना."

बोटं तशीच राहिली. मिठाचे दोन-चार कण खाली पडले.

"अंदाज राहिला नाही गं आता," काकू म्हणाल्या. "तू सांग."